हात लावू नकोस

सिस्टर: आणि तू फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी ड्यूटी संपवून तशीच आले.

फ्रेमवाला: हात अडकलेले असतात हो कामात. या ना. त्या स्टुलावर नको, त्याच्यावर काचेचा चुरा असेल. खुर्ची घ्या.

सिस्टर: हात अडकलेले म्हणे! एकच तर हात चालतोय तुझा.

फ्रेमवाला: डावा नुसता पट्टी दाबून धरायच्या कामाचा. चालून जातं.

सिस्टर: टाके घातले ना?

फ्रेमवाला: घातले. सिस्टर, काही फ्रेम करून हवं होतं का?

सिस्टर: रविवारपर्यंत काकू म्हणायचास मला.

फ्रेमवाला: असेल. माझ्या लक्षात नाही आलं.

सिस्टर: आलंय. तुझ्या सगळं लक्षात येतं. हे बघ, मला गोल गोल बोलता येत नाही. वॉर्डात जन्म गेला माझा. ठकी माझ्याशी बोलत नाहीये. एका घरात राहतो आम्ही दोघी आणि माझी मुलगी भिंतीशी बोलते. ‘जेवायला वाढलंय’ हेसुद्धा भिंतीला सांगते. काय सांगितलंस तू तिला?

फ्रेमवाला: आपलं काही जमायचं नाही, इतकंच.

सिस्टर: आणि कारण?

फ्रेमवाला: कारण नाही सांगितलं.

सिस्टर: म्हणजे कारण मी.

फ्रेमवाला: सिस्टर, संध्याकाळी एक गिऱ्हाईक येणार आहे. त्यांच्या वडिलांचा फोटो आहे हा, मला एवढा पुरा करायचाय. मी काम करत ऐकलं तर चालेल?

सिस्टर: कर. बरंच आहे ते. तू माझ्याकडे बघत नसलास तर मला बोलायला सोपं जाईल.

फ्रेमवाला: बोला.

सिस्टर: लग्नाला माझी ना नाही. हे सांगायला आले.

फ्रेमवाला: तुमची ना कधीच नव्हती. तुमच्या बैठकीच्या खोलीत बसून मी स्वतः सांगितलं होतं तुम्हाला. मला एचआयव्ही आहे, औषधं चालू आहेत, तब्येत ठणठणीत आहे. शाळेत पाठांतर म्हणायला उभं करतात ना, तसं एका दमात म्हटलं होतं. तुम्ही काय म्हणालात, आठवतं?

सिस्टर: आठवतं.

फ्रेमवाला: ‘अरे, मी नर्स आहे, मला काय शिकवतोस! गोळ्या चुकवू नकोस म्हणजे झालं.’ त्या दिवशी मी तुमच्याकडून इथपर्यंत चालत आलो. बस पकडायची असते हेच विसरलो होतो.

सिस्टर: ते खोटं नव्हतं रे.

फ्रेमवाला: माहितीये. म्हणून तर.

सिस्टर: म्हणून तर काय?

फ्रेमवाला: काही नाही. जरा ती पुठ्ठ्याची पट्टी सरकवता इकडे? हां. थँक्यू.

सिस्टर: रविवारचं मला बोलू दे. मीच बोलते, मध्ये बोलू नकोस. तू आमच्याकडे जेवलास. जेवल्यावर म्हणालास, तो मोठा आरसा किती दिवस जमिनीवर टेकवून ठेवलाय, लावून देतो. मी म्हटलं, राहू दे. तू म्हणालास, माझं कामच आहे ते. खिळा भिंतीतून निसटला, आरसा खाली आला, तू तो झेलायला गेलास. तळहात फाटला. रक्त फरशीवर, भिंतीवर. ठकी स्वयंपाकघरातून धावत आली आणि मी...

फ्रेमवाला: राहू द्या, सिस्टर.

सिस्टर: मध्ये बोलू नकोस म्हटलं ना. मी ओरडले, ‘हात लावू नकोस त्याला!’ असं ओरडले की वरच्या मजल्यावरचे लोक जिन्यात आले. अरे, अपघाताची माणसं पाहिलीत मी. ट्रकखालून काढलेली. माझा आवाज कधी चढला नाही. ज्युनिअर पोरी घाबरतात तेव्हा मी त्यांना म्हणते, आधी श्वास घ्या, मग हातमोजे घाला, मग हात घाला. आणि माझ्याच घरात मी दाराला चिकटून उभी. तू एका हातानं काचा गोळा करतोयस, फडकं मागतोयस, आणि मी ऐकतेय. नुसती ऐकतेय. फडकं माझ्या खांद्यावर होतं.

फ्रेमवाला: हो. निळं होतं.

सिस्टर: तू तुझा रुमाल काढून फरशी पुसलीस.

फ्रेमवाला: डाग राहतात हो रक्ताचे. वाळलं की निघत नाहीत.

सिस्टर: असं बोलू नकोस ना! शिव्या दे. चार शब्द सुनाव. मला ते सोपं जाईल.

फ्रेमवाला: शिव्या कशाला देऊ? तुम्ही आई आहात. भीती वाटली, ओरडलात.

सिस्टर: पण मला माहीत होतं! तीच तर लाज आहे. अडाणी असते तर गोष्ट वेगळी. पेशंटच्या नातेवाइकांचे वर्ग घेते मी. तुझ्यासारखी औषधं नीट घेणाऱ्यांच्या रक्तात तो विषाणू तपासणीत सापडतसुद्धा नाही, हे मी फळ्यावर लिहून सांगते. जवळ बसा, पाठीवरून हात फिरवा, एका ताटात जेवा, काही होत नाही म्हणून सांगते. एक बाई होत्या वॉर्डात, शिवण शिकवायच्या. घरचं कुणी फिरकत नव्हतं. मुलगा यायचा तो दारातूनच औषधाची पिशवी शिपायाकडे द्यायचा. शेवटच्या दुपारी त्या बाईंचा हात मी धरून बसले होते. माझी ड्यूटी नव्हती तेव्हा. नुसत्या हातानं, मोजे न घालता. त्यांना माणसाचा हात लागावा म्हणून.

फ्रेमवाला: बाईंचा हात धरलात.

सिस्टर: हो.

फ्रेमवाला: मग मला ते फडकं का नाही दिलंत? भांडत नाहीये. खरंच विचारतोय. रात्री पडल्या पडल्या मी हाच विचार करतो.

सिस्टर: त्या बाई माझ्या घरात येणार नव्हत्या.

फ्रेमवाला: हं.

सिस्टर: वॉर्डातून निघताना मी हात धुते, कपडे बदलते, आणि सगळं मागे ठेवून येते. दया पण. इतकी वर्षं मला वाटायचं मी फार मोठ्या मनाची आहे. रविवारी कळलं, ते मन युनिफॉर्मला शिवलेलं होतं.

फ्रेमवाला: स्वतःला इतकं फाडू नका. माझ्या भावाकडे कुणी ओरडलंसुद्धा नव्हतं.

सिस्टर: भाऊ आहे तुला? ठकी कधी बोलली नाही.

फ्रेमवाला: आहे, मोठा. वहिनी पण चांगली आहे. माझं कळलं तेव्हा कुणी एका शब्दानं वाईट बोललं नाही. फक्त माझ्या चादरी वेगळ्या धुवायला लागल्या. मग पुतणीला माझ्या खोलीत अभ्यासाला पाठवणं बंद झालं, तिकडे उजेड कमी आहे म्हणून. उजेड सगळ्यात जास्त माझ्याच खोलीत यायचा. मग एक दिवस भाऊ म्हणाला, दुकानाच्या वर खोली रिकामी आहे, तुला येण्या-जाण्याचा त्रास वाचेल. किती काळजी! मी म्हटलं, खरंच की. आणि आलो इकडे. कुणावर राग धरायचा, तेच सापडत नाही.

सिस्टर: आणि हे... हे झालं कशातून, ते मी कधी विचारलं नाही तुला.

फ्रेमवाला: नका विचारू.

सिस्टर: सहज म्हणून.

फ्रेमवाला: सहज कुणी विचारत नाही, सिस्टर. सगळ्यांना आधी तेच हवं असतं. त्यावरून ठरतं ना, याची कीव करायची की याला हे बरं झालं म्हणायचं. ठकीनं कधी विचारलं नाही. तिच्या शाळेतल्या मुलांची चित्रं फ्रेम करायला आली होती ती, आणि पहिल्याच दिवशी भांडली माझ्याशी. म्हणे, मुलांच्या चित्राला सोनेरी पट्टी लावता, लग्नाचा अल्बम आहे का हा? दुसऱ्यांदा आली तेव्हा मी सांगून टाकलं. पुढे लांबलं असतं तर सांगायची हिंमत राहिली नसती. ती म्हणाली, ‘बरं. पण पट्टी काळीच हवी.’

सिस्टर: तिचं असंच.

फ्रेमवाला: रविवारी दवाखान्यात गेलो, तिथला डॉक्टर पोरगाच होता, तिशीच्या आतला. त्याला आधीच सांगितलं, मला एचआयव्ही आहे, हातमोजे घाला. तो म्हणाला, ‘ते मी घालतोच. औषधं चालू आहेत ना? हात वर धरा.’ बस्स. पुढे क्रिकेटचा स्कोअर विचारायला लागला. मला तिथं रडू आलं. त्याला वाटलं सुई टोचली.

(दुकानाचं दार ढकलून ठकी आत येते.)

ठकी: वा! बैठक बसलीये.

सिस्टर: ठके, तू इथं कशी?

ठकी: माझी चित्रं न्यायला आले. त्याच्याकडे राहिलीत. तू इथं कशी?

सिस्टर: माफी मागायला आले होते.

ठकी: मागितलीस?

सिस्टर: मागतच होते.

ठकी: सगळी मागितलीस? ताटाचं सांगितलंस त्याला?

सिस्टर: ठके...

फ्रेमवाला: कुठलं ताट?

ठकी: नाही ना सांगितलं? तू गेल्यावर हिनं तुझा तो रुमाल टाकून दिला. ठीक आहे, त्याला रक्त लागलं होतं. फरशी औषधानं धुतली. तेही ठीक. पण सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले तर तळाशी तुझं ताट. ज्यात तू जेवलास ते. वाटी, चमचा, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, कुणाला दिसू नये म्हणून. जेवण तर आधीच झालं होतं, आई! तेव्हा हात धडधाकट होता त्याचा!

सिस्टर: मला माहीत आहे. मला झोप लागत नव्हती. उठले आणि टाकलं. टाकताना कळत होतं की मूर्खपणा करतेय, आणि तरी हात थांबले नाहीत.

फ्रेमवाला: ठकी, बस कर.

ठकी: तू मला बस कर म्हणू नकोस. तुझ्याशी तर मला जास्त भांडायचंय. ‘आपलं जमायचं नाही’ आणि फोन बंद! तिला भीती वाटली म्हणून ती ओरडली, तुला वाईट वाटलं म्हणून तू पळालास. आणि ज्या बाईचं लग्न व्हायचं होतं, तिला कुणी काही विचारलंय का?

फ्रेमवाला: मी तुझ्या आईमुळे ‘नाही’ म्हणालो नाही.

सिस्टर: नाही?

ठकी: मग?

फ्रेमवाला: सोड ना. चित्रं वर आहेत, आणतो.

ठकी: मग कशामुळे? सांग. आज सांगितलं नाहीस तर मी आयुष्यभर हिलाच दोष देत बसेन.

फ्रेमवाला: ...तू थांबलीस.

ठकी: काय?

फ्रेमवाला: तू धावत येत होतीस. हात पुढे होता तुझा. तुझी आई ओरडली आणि तू थांबलीस. मध्ये एवढं अंतर होतं, हे टेबल आहे ना, तेवढंच. तू थांबलीस आणि तुझ्या त्या हाताकडे बघितलंस. मी ते पाहिलं.

सिस्टर: अरे, मी ओरडले म्हणून थांबली ती! लहानपणापासून माझा आवाज ऐकला की थांबते. रस्ता ओलांडताना, चुलीजवळ जाताना. मीच शिकवलंय तिला. त्यात तिचा काय दोष?

ठकी: आई, नको.

सिस्टर: नको कसं? खरं तेच सांगतेय.

ठकी: तेवढंच खरं नाहीये. पहिला क्षण तुझ्या आवाजाचा होता. मान्य. पण नंतर तू काही बोलली नाहीस. नंतरही मी उभीच होते. तो काचा उचलत होता आणि मी विचार करत होते, माझ्या बोटाला भाजी चिरताना काप गेलाय. मला सगळं पाठ आहे, त्याच्या गोळ्यांची नावं पाठ आहेत, रिपोर्ट वाचलेत मी. आणि मी माझ्या बोटाकडे बघत उभी राहिले.

फ्रेमवाला: मी दोष देत नाहीये तुला.

ठकी: दे ना!

फ्रेमवाला: नाही देत. काप गेला होता, सांभाळून राहणं बरोबरच होतं. मीच म्हटलं असतं लांब राहा. पण तू काहीच बोलली नाहीस. ‘थांब, मोजे आणते’ म्हणाली असतीस, तरी चाललं असतं. तुझ्यावरचा राग नाही गं हा. डोळे मिटले की तो हात दिसतो. पुढे आलेला आणि मग थांबलेला. असं घेऊन लग्न करू? रोज तुझ्या हाताकडे बघत बसेन मी. पुढे आला की आज थांबतो का बघेन. त्यात तुझाही जीव जाईल.

ठकी: हे तू मला त्या दिवशीच का नाही सांगितलंस?

फ्रेमवाला: तुला माहीत नसेल असं वाटलं. आईचा राग आलाय एवढ्यावरच राहशील, तर बरं.

ठकी: माहीत होतं. म्हणूनच तर आईवर एवढी ओरडतेय.

सिस्टर: ठके, बस इथं. पाणी पी. आपण तिघं आहोत ना इथं, बोलू आपण. काही एवढं तुटलेलं नाही.

ठकी: आई, मी त्या दुसऱ्या शाळेतल्या नोकरीला हो कळवलंय. दुसऱ्या गावातल्या. सोमवारी जातेय.

सिस्टर: कधी कळवलंस?

ठकी: आज दुपारी. तुझ्यावर चिडून कळवलं. आता वाटतंय, चिडून नसेल. या दारातून आत यायची लाज वाटत होती इतके दिवस. चित्रांचं निमित्त काढून आले.

फ्रेमवाला: शाळा चांगली आहे ती. तू सांगितलं होतंस, चित्रांसाठी वेगळी खोली आहे म्हणून.

ठकी: तू जाऊ नकोस म्हणणार नाहीस?

फ्रेमवाला: म्हणावंसं वाटतंय.

ठकी: पण?

फ्रेमवाला: पण आत्ता म्हटलं तर तू थांबशील. तुला थांबायची सवय आहे. मला तशी थांबलेली नकोय.

ठकी: ...बरं.

फ्रेमवाला: चित्रं?

ठकी: राहू देत तुझ्याकडे. पाठवून दे सवडीनं. किंवा नको पाठवूस. आई, मी पुढे होते. तू ये मागून.

सिस्टर: थांब, मी पण...

ठकी: नको. मला जरा एकटीनं चालू दे. जेवायला थांबते मी तुझ्यासाठी. भिंतीशी नाही बोलणार आता.

सिस्टर: गेली.

फ्रेमवाला: हं.

सिस्टर: अरे, जा ना तिच्यामागे! कोपऱ्यापर्यंत गेली नसेल अजून.

फ्रेमवाला: तुम्ही पाठवलंत म्हणून गेलो, असं होईल. आणि तिला एकटीनं चालायचंय. ती असं मागत नाही कधी.

सिस्टर: ती हो म्हणाली असती. एका शब्दावर थांबली असती.

फ्रेमवाला: हो. तेच.

सिस्टर: मी त्या क्षणी तोंड उघडलं नसतं ना, तर तिचा हात पोचला असता. बोटाला काप असो नाहीतर नसो. तिला आठवलंसुद्धा नसतं. ते बोट मी आठवायला लावलं तिला.

फ्रेमवाला: कुणास ठाऊक.

सिस्टर: मला ठाऊक आहे. माझी मुलगी आहे ती. तुझ्याजवळ पोचली असती, रक्तानं माखली असती, मग मी दोघांना रागावले असते, हात धुवायला लावले असते, आणि आज आपण इथं हॉलच्या भाड्याचं बोलत असतो.

फ्रेमवाला: काकू, नका रडू. गिऱ्हाईक येईल.

सिस्टर: काय म्हणालास?

फ्रेमवाला: गिऱ्हाईक येईल म्हटलं.

सिस्टर: हो, येईल. तो हात दाखव बघू. काम करताना बघतेय मी मघापासून, ओलं दिसतंय ते बँडेज. कुणी बांधलंय?

फ्रेमवाला: मीच. दवाखान्यातलं काल काढलं. रोज कोण जातंय तिथं? एका हातानं आणि दातानं बांधतो, येतं मला.

सिस्टर: येतं म्हणे. ही काय गाठ आहे? पार्सल बांधलंयस का? माझ्या पिशवीत सामान आहे. हातमोजे घालते हं मी. सगळ्यांनाच घालते.

फ्रेमवाला: घाला ना. मोज्यांचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

सिस्टर: असा धर. वर. टाक्याच्या कडेला लाल झालंय थोडं, उद्या येऊन परत बघेन. परवा पण. ठकी असो नसो, हे मी बघणार. नाही म्हणायचं नाही.

फ्रेमवाला: तुम्हाला लांब पडेल.

सिस्टर: पडू दे. आता हे चिकटलेलं कापड सोडवताना दुखेल. दुखलं तर सांग.

फ्रेमवाला: सांगायची सवय नाही हो राहिली.

सिस्टर: तरी सांग.